काळ्या विंचवाला बोलतं कोण करणार

उंबरकोंड, वरची वाडी,
पोलादपूरच्या वर.
शिमग्याच्या आधीचा सोमवार.

चिरंजीव रामजी यास थोरली बहीण तुळजा हिचे, डोक्यावर हात ठेवून दिल्यासारखे आशीर्वाद. चंद्राबाईला वेगळे आशीर्वाद, तुझ्यातले अर्धे देऊ नको. इकडे माणसं, म्हस, शेळ्या सगळी धडधाकट हायत. माझा गुडघा तेवढा जिना बघितला की रुसतो, पण आपल्या वाडीत जिनाच नाय, त्यामुळं त्याचं काय चालत नाय. तुझी पाठ कशी हाय ते खरं कळव. "बरी हाय" असं लिहू नको. चंद्रा सांगते की सकाळी उठताना तू आधी कुशीवर होतोस, मग खाट धरतोस, मग देवाचं नाव घेतोस, आणि मग पण उठत नायस.

पत्र बघून दचकला असशील. म्हातारीला पत्राची आठवण कशी झाली म्हणून. तर फोनवर मी कुस्तीचा विषय काढला की तुझी रेंज जाते. एवढ्या मोठ्या डोंबिवलीत रेंज जाते आणि आमच्या कातळावर येते, हे नवल मला पटत नाय. पत्राला रेंज लागत नाय आणि मधेच कापता पण येत नाय. फाडलंस तर चंद्रा चिकटवून वाचील. माझं अक्षर वाकडं हाय, दुसरीच्या पुढं मास्तरांनी मला शिकवलं नाय आणि मी पण त्यांना आग्रह केला नाय. हळूहळू वाच. तुला काय कर म्हणून सांगायला हे पत्र लिहीत नाय, तू हट्टी हायस हे मला पाळण्यापासून ठाऊक. नुसती मजा कळवायची हाय. मी हल्ली फार मजेत हाय रे.

मजा अशी की नातसून अमिता (कॉलेज शिकलेली हाय, तरी गुणाची हाय) हिनं मला तिचा जुना फोन दिला, भजनं ऐकायला. मी तो शेळ्यांकडे जाताना पदराला बांधून नेते आणि कातळावर बसून लावते. एक दिवस भजन संपलं आणि फोननं आपल्या मनानं पुढचं लावलं. एक म्हातारा पैलवान सांगत होता की त्याचं नाक कसं मोडलं, आणि डाक्तर येईपर्यंत त्यानं त्याच नाकानं तपकीर कशी ओढली. मी ऐकत बसले ती शेळ्या घरी निघाल्या तेव्हाच उठले. यालाच पॉडकास्ट म्हणतात. रेडिओसारखंच, पण मधे बातम्या नसतात. एक विचारणारा, एक सांगणारा. तेव्हापासून मी कुस्तीवाल्यांच्या सगळ्या मुलाखती ऐकते. मातीतली कुस्ती नाय, ती दोराच्या चौकटीतली, फ्री स्टाइलची, चमकत्या चड्ड्यांची, जिच्यात कोण पडणार ते आधी ठरलेलं असतं.

शेजारची ठमाबाई म्हणते, अगो तुळजे, ते सगळं खोटं असतंय. मी तिला म्हटलं, आपल्या नमनाच्या खेळात रावण दरसाल मरतो, तुझ्या घोवानं कधी तक्रार केली का, की यंदा जरा त्याला पण जिंकू द्या? पडणार हे ठाऊक असतं, कसा पडतो ते बघायला माणूस जातो. तेव्हा ती गप बसली. (गप बसली म्हणजे दुसऱ्याच विषयावर बोलायला लागली.)

आता मुलाखत घेणाऱ्यांचं सांगते, कारण त्यातलं मला कळतं. वाडीतल्या निम्म्या सोयरिकी मी जुळवल्यात, माणसाला विचारायचं कसं हे मला कोण शिकवणार? म्हशीची धार काढायची तर आधी रेडकू सोडावं लागतं. ते चार ढुशा मारतं, म्हस पान्हा सोडते, मग आपण चरवी घेऊन बसायचं. आल्या आल्या आचळ ओढलं तर लाथ बसते. मुलाखतीचं तेच. एक पियुष म्हणून पोरगा हाय, "रिंगच्या बाहेर" नावाचा कार्यक्रम करतो. आवाज गोड, भाषा पुण्याची, हसणं भाड्याचं. त्याचा प्रश्न उत्तरापेक्षा लांब असतो. विचारतो, स्वतःच उत्तर देतो आणि मग पाहुण्याला म्हणतो, बरोबर ना सर? सर म्हणतो बरोबर. संपली मुलाखत. मग डोक्याच्या तेलाची जाहिरात. दुसरे दोघे जण मिळून एक कार्यक्रम करतात, ते एकमेकांशीच बोलतात आणि पाहुणा ऐकतो. लग्नाला बोलवून वाढायचं विसरावं तसं. आणि तिसरी आपली प्रियदर्शिनी. तिच्या कार्यक्रमाचं नाव "कोपऱ्यातली खुर्ची". ही बाई आधी विचारते, घरून निघताना जेवलात का. पाहुणा आईच्या भाकरीवर येतो, भाकरीवरून चुलीवर, चुलीवरून बापाच्या मारावर, आणि मग ती एकच शब्द म्हणते, "मग?" आणि गप राहते. त्या गप्पपणात एका धिप्पाड पैलवानानं, ज्यानं म्हणे खुर्च्या डोक्यावर मोडून घेतल्या, त्यानं सांगितलं की तो अजून अंधाराला भितो. पान्हा रे, पान्हा! फोन धरून मी पण रडले आणि शेळीच्या पाठीवर डोळे पुसले.

या कार्यक्रमांच्या खाली लोक मतं लिहितात. मी पण लिहिते, म्हणजे फोनमध्ये बोलते आणि तो लिहितो. माझ्या नावापुढं अमितानं म्हशीचा फोटो लावलाय, त्यामुळं तिथल्या पोरांना वाटतं मी कोणी तगडा गडी हाय. मला "भावा" म्हणतात. एकानं लिहिलं, प्रियदर्शिनीला ऐकून झोप येते. मी लिहिलं, झोप येते तर झोप, पण घोरून बाकीच्यांना त्रास देऊ नको. त्याला एवढे अंगठे मिळाले की अमिता म्हणाली, आजी, तुम्ही गाजलात. पियुषवाले आणि प्रियदर्शिनीवाले असे तट हायत आता, आपल्या वरच्या आणि खालच्या वाडीसारखे. आमच्या तटात मला विचारल्याशिवाय कोण भांडायला जात नाय.

आता जरा बसून वाच. (बसताना पाठीला उशी घे.) कुणीतरी तिथं एक जुनं पोस्टर टाकलं. त्यावर मोठ्या अक्षरात तुफान दीपक आणि खाली लहान अक्षरात काळा विंचू. काळा विंचू म्हणजे जो काळे कपडे आणि तोंडावर काळा मुखवटा घालून मुंबईच्या मैदानांत लढायचा आणि दरवेळी हरायचा तो. तो कोण होता हे कुणालाच ठाऊक नाय. म्हणजे त्यांना ठाऊक नाय. मी पण लिहिणार नाय, कारण आपल्या गावची रीत तुला माझ्याइतकीच माहीत हाय. शिमग्यात जो संकासुराचा मुखवटा घालतो त्याचं नाव घ्यायचं नाय, आणि त्यानं पण मुखवट्याच्या आतून बोलायचं नाय. पाय बघून ओळखायचं आणि गप राहायचं. देवळात गाऱ्हाणं होऊन मुखवटा खुंटीला लागला की मग तोंड मोकळं. आता तो काळा विंचू (तो जो कोण असेल तो) आपल्याच गावचा होता, आणि मुंबईला जाताना त्यानं संकासुरासारखाच मुखवटा बहिणीकडून शिवून नेला, आईच्या काळ्या लुगड्याचा, एवढंच मी म्हणते. बहीण कुणाची ते पण म्हणत नाय.

तर पियुषनं तुफान दीपकला मुलाखतीला बोलावलं. मी कातळावर जाऊन बसले. पियुषनं नेहमीसारखा शेपटीएवढा लांब प्रश्न विचारला आणि शेवटी म्हणाला, सर, तो काळा विंचू कोण होता? आणि तो तुफान म्हणतो, कोण कुठला, गोदीतला कोणीतरी हमाल होता म्हणे, मुका होता बहुतेक, मुखवटा चढवून उभा करायचे. आणि पियुष हसला! अरे, इथंच तर रेडकू सोडायचं होतं! विचारायचं, मग तो मुका हमाल तुमच्या उड्या झेलायचा कसा? पण नाय. तेलाची जाहिरात. रामजी, मी अशी ओरडले की शेळ्या उधळल्या आणि ठमाबाईच्या परसात शिरून तिचं वांग्याचं रोप न रोप खाऊन आल्या. ठमाबाई काठी घेऊन आली. मी तिला सांगितलं काय झालं ते. काठी टाकून म्हणाली, हमाल म्हणाला? आपल्या माणसाला? मग वांगी खाल्लेली माफ, पण त्या मेल्याला सोडू नको.

मी प्रियदर्शिनीच्या कार्यक्रमाला आवाजी निरोप पाठवला. दोन मिनिटं बोलायला मिळतात. आता निरोप म्हटला की आधी ख्यालीखुशाली विचारणं आलं. तिची तब्येत, आईवडील, घरात गूळ हाय ना, एवढं झालं आणि दोन मिनिटं संपली. दुसरा पाठवला, त्यात पहिल्यात राहिलेली माणसं विचारली. तिसऱ्यात विषयाला आले. म्हटलं, बाई, काळा विंचू हमाल नव्हता आणि मुका पण नव्हता. तो कोण ते मला ठाऊक हाय, पण नाव घेणार नाय. आणि त्याचा मुखवटा ज्या सुईनं शिवला ती सुई अजून माझ्या डब्यात हाय. तिनं तिन्ही निरोप एकापाठी एक, काय न कापता वाजवले! मग रे काय विचारतोस. म्हशीच्या फोटोवाला भावा म्हणजे आजी निघाली, म्हणून पोरं हसून हसून लोळली. पियुषवाले म्हणायला लागले, म्हातारी थापा मारते. मग प्रियदर्शिनीचा स्वतःचा फोन आला. आधी म्हणाली, जेवलात का आजी? मी सावध झाले. ही रेडकू सोडतेय हे मला कळलं. कळलं तरी आमच्या नाचणीवरून चालू होऊन मी देवळापर्यंत पोचले. आणि ती म्हणाली, "मग?" देवा शपथ सांगते, नाव इथं, जिभेच्या टोकावर आलं. मी घाईनं म्हटलं, म्हस सुटली, आणि फोन ठेवला. म्हस बसून रवंथ करत होती बिचारी.

पुढं ऐक. तुफान दीपकचा आणि पियुषचा समोरासमोर कार्यक्रम महाडला लागला, एका लग्नाच्या हॉलात. ठमाबाईनं लुगडं दिलं, अमिता सोबत आली, एसटीनं गेलो. सगळी पोरं काळ्या बनियनवर कसले कसले वाघसिंह छापून आलेली. मला पुढच्या खुर्चीत बसवलं, एक म्हणाला, भावा, पाणी देऊ का? तुफान दीपक आता केस काळे करतो, पण चालतो ऐटीत, गुडघे शाबूत. शेवटी लोकांना प्रश्न विचारायला दिले. माईक माझ्या हातात आला. पियुष म्हणाला, आजी, थोडक्यात हं. (हे कोण म्हणतंय बघ!) मी म्हटलं, पैलवान, तू वरच्या दोरावर चढून उडी मारायचास, तेव्हा खाली कोण असायचं?

आणि गप बसले. प्रियदर्शिनीसारखी. पियुष मधे काहीतरी बोलायला गेला, मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, पोरगं खाली बसलं.

तुफान दीपकनं माईक दोन्ही हातांत धरला. मग म्हणाला, तोच असायचा. म्हणाला, आम्ही त्याचं तोंड कधी बघितलं नाय, तो कधी बोलला नाय, मुखवटा जेवताना पण नाकापर्यंतच वर करायचा, म्हणून कुस्त्या लावणारा मालक म्हणाला ते मी खरं धरलं. म्हणाला, एका गावात पावसानं चौकट ओली होती, मी वर चढलो आणि पाय सरकला, मान खाली, डोकं खाली. विंचू तेव्हा मेल्याचं सोंग करून पडला होता. त्यानं बघितलं आणि सरकून खाली पाठ दिली. मला खरचटलं पण नाय. त्या दिवसापासून तो उठायचा तो आधी कुशीवर व्हायचा, मग दोर धरायचा, मग उठायचा. लोक हसायचे. त्यांना वाटायचं ते सोंगच हाय. मी त्याला कधी विचारलं नाय.

रामजी, मी अमिताकडे बघितलं आणि अमितानं माझ्याकडे. आम्हा दोघींना वाटत होतं की तुला... की त्या माणसाला वयानं तसं होतं.

मग तुफाननं विचारलं, आजी, तुम्ही कोण? मी म्हटलं, मी त्या मुखवट्याची शिंपीण. तो मंचावरून उतरून खाली आला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, तो असेल तर मला त्याला एकदा भेटायचं हाय, सगळ्यांच्या समोर, आणि मी जे बोललो ते परत घ्यायचं हाय. पोरं टाळ्या पिटत राहिली. पियुष पण डोळे पुसत होता, खरं सांगते. त्यानं त्या दिवशी तेलाची जाहिरात केली नाय. तेवढं त्याच्या बाजूनं मी खाली मत पण लिहिलंय. माणूस शिकला तर सांगावं.

पडण्याची कला काय असते ते त्या विंचवानं लहानपणी आपल्या खळ्यात मला सांगितलं होतं, आणि हल्लीचे पडणारे बघून ते मला रोज आठवतं. म्हणायचा, अक्का, पडताना हात टेकायचा नाय, हात टेकला की खोटं दिसतं. पाठ पूर्ण द्यायची, आणि ओरडायचं ते पडल्यावर, आधी नाय. असं बोलणारा माणूस मुका हमाल म्हणून कायमचा राहावा का, याचा तूच विचार कर. मी काय सांगणार नाय. मी म्हातारी, मला काय कळतं?

बाकी सगळं ठीक. चंद्राला म्हणावं, तुझ्या पाठीला तेल चोळताना घाई करू नको. तुझ्या नातवंडांचे गाल माझ्याकडून ओढ, पण हळू. पत्र लांबलं, पण कातळावर ऊन छान पडलंय आणि शेळ्या आज कुणाच्या वांग्यात नायत, म्हणून लिहीत सुटले.

तुझीच,
तुळजाअक्का

ता. क. – सांगायचं राहिलं. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी प्रियदर्शिनी आपली दोन यंत्रं घेऊन आमच्या ओटीवर येणार हाय, तुफान दीपक पण येणार हाय. तिला मी सांगितलंय की विंचू पण येतो. मला हो म्हणताना तुला विचारायचं राहून गेलं, तुझी रेंज नव्हती ना. मुखवटा घेऊन ये. चंद्राच्या ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली हाय, तिनंच सांगितलं.

ता. क. दुसरा – तुला वाटेल, रीत मोडून कसं बोलू? ती काळजी नको. काल देवळात नारळ ठेवून मी रीतसर गाऱ्हाणं घालायला लावलं. नाव न घेता. "बा देवा म्हाराजा, आमच्या गावचा जो कोण लेकरू मुखवटा घालून मुंबईला गेला आणि मुखवटा खुंटीला लावायचा राहिला, त्याचं तोंड आज मोकळं कर." दोन्ही वाड्यांनी एका आवाजात म्हटलं, "होय म्हाराजा." नारळ फुटला, चांगला निघाला. आणि तो फुटतो न फुटतो तोच ठमाबाई सगळ्या गावासमोर मोठ्यानं म्हणाली, "मग आता रामजी कधी येतोय?" कुणी दचकलं पण नाय रे. बायाबाप्ये सगळे विचारायला लागले, रामजीची पाठ कशी हाय, रामजीला तांदळाची भाकरी चालते ना. एवढी वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं आणि एवढी वर्षं सगळे गप होते. आता मी पण लिहिते. काळा विंचू तू. तूच तो. बघ, किती बरं वाटलं लिहून.

ता. क. तिसरा आणि शेवटचा – आणि तरी तुला यायचं नसेल तर तुझी मर्जी, माझा काय आग्रह नाय. मी त्याच मापाचा दुसरा मुखवटा शिवून ठेवलाय आणि ठमाबाईचा नवरा सखा हा विंचू व्हायला तयार हाय. मुखवट्याखाली कोण ते तर कोणी विचारायचं नसतंच. काल आमच्या खळ्यात पेंढा पसरून त्यानं तालीम केली, तुफानसमोर पडून दाखवायची. हात टेकतो. आणि मेला पडायच्या आधीच ओरडतो.